फायनान्सची पदवी निवडताना: माहितीपत्रक मिटा, चार कागद उघडा

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की घरात तीच चर्चा सुरू होते. साधं बीकॉम करायचं, बीएएफ घ्यायचं, बीएफएम घ्यायचं की एखाद्या खासगी विद्यापीठाचं बीबीए? टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग साचतो. ‘नॅक ए++’, ‘सर्वोच्च पॅकेज’, ‘ट्रेडिंग लॅब’, ‘इंडस्ट्री टाय-अप’ असे शब्द सगळ्यांत असतात. त्यातली माहिती खोटी असतेच असं नाही. मात्र ती बहुतेक वेळा संस्थेबद्दल असते, तुम्ही जिला तीन-चार वर्षं देणार त्या पदवीबद्दल नसते. नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजला मिळते. त्याच श्रेणीखाली एक विभाग भक्कम चालतो आणि शेजारचा विभाग दरवर्षी बदलणाऱ्या शिक्षकांवर रेटला जातो.

कंपनीचं मोल अध्यक्षांच्या भाषणावरून नाही, तर ताळेबंद आणि त्याखालच्या टिपा वाचून ठरवायचं, हे फायनान्सच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. पदवीलाही हाच नियम लावा. तिच्याबद्दल खरं सांगणारे चार कागद असतात: अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, शिक्षकांची यादी आणि उत्तीर्ण-नोकरीचा तक्ता. यातले बरेचसे फुकट आणि जाहीर असतात. ते कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे, ते पाहू.

आधी पाट्यांमागचा फरक

मुंबई विद्यापीठाच्या परंपरेत ‘फायनान्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदव्या अनेक आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. बीएएफमध्ये वजन हिशेबाकडे असतं: वित्तीय लेखाकर्म, कॉस्टिंग, ऑडिट, कर. बीएफएम बाजाराकडे झुकतं: इक्विटी, रोखे, डेरिव्हेटिव्ह, पोर्टफोलिओ. बीबीआय बँकिंग आणि विम्याचं. बीएमएस किंवा बीबीए ही मुळात व्यवस्थापनाची पदवी. त्यात फायनान्स हे पुढच्या वर्षांत घेण्याचं विशेषीकरण असतं, त्यामुळे निम्म्याहून अधिक वेळ मार्केटिंग, एचआर आणि संघटनशास्त्रात जाऊ शकतो. ऑडिट फर्ममध्ये जायचं असलेल्या मुलीने बीएफएम घेतलं किंवा रोखेबाजाराची ओढ असलेल्या मुलाने बीएएफ घेतलं, तर दोघांचीही चूक अभ्यासक्रम न वाचण्याची असते.

प्रवेशाची वाटही पाहा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए या पदव्या एआयसीटीईच्या कक्षेत आल्या आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा सुरू झाली. त्यानंतर काही कॉलेजांनी आपल्या पदवीचं नाव बदलून ते बीकॉमच्या छत्राखाली आणलं. म्हणून कॉलेज गेल्या वर्षीचंच असलं, तरी पदवीचं नाव, प्रवेशपरीक्षा आणि शिष्यवृत्तीचे नियम वेगळे असू शकतात. केंद्रीय प्रवेशफेरीतून आलेल्यांनाच लागू होणाऱ्या काही सवलती असतात. तुमचा प्रवेश त्यात बसतो का, हे फी भरण्याआधी महाडीबीटी या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर तपासा.

पहिला कागद: अभ्यासक्रम

कॉलेज संलग्न असेल, तर अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. स्वायत्त असेल, तर कॉलेजच्या. माहितीपत्रकातली विषयांची यादी म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. घटकवार तपशील, तासिका आणि संदर्भग्रंथ असलेली मूळ फाइल मागा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्यविषय, मूल्यविषय, भारतीय ज्ञानप्रणाली असे बरेच कप्पे असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. पेन घेऊन बसा आणि त्यातले प्रत्यक्ष फायनान्सचे क्रेडिट किती, ते मोजा. पाटीवर ‘फायनान्स’ असलेल्या पदवीत हा आकडा कधीकधी चकित करतो.

मग क्रम पाहा. फायनान्स हा पायऱ्यांचा विषय आहे. पैशाचं कालमूल्य आणि वित्तीय पत्रकांचं विश्लेषण आधी. मग भांडवली खर्चाचे निर्णय, म्हणजे एनपीव्ही, आयआरआर, भांडवलाचा खर्च. मग रोख्यांचं मूल्यांकन आणि पोर्टफोलिओ. आणि शेवटी डेरिव्हेटिव्ह. सगळ्यांत जास्त लक्ष संख्याशास्त्राकडे द्या. हॅरी मार्कोविट्झने १९५२ मध्ये पोर्टफोलिओची जी मांडणी केली, ती प्रमाण विचलन आणि सहसंबंधावर उभी आहे. तिसऱ्या सत्रात ‘पोर्टफोलिओ मॅनेजमेंट’ आहे, पण त्याआधी संख्याशास्त्राचा एकही धड पेपर नाही, तर जोखीम ही तिथे पाठ करायची व्याख्या उरते. बारावीत गणित न घेतलेल्या मुलांसाठी कॉलेज वेगळे वर्ग घेतं का, हेही विचारा. ‘गणिताची काळजी करू नका, आमच्याकडे ते फारसं नाही’ असं उत्तर आलं, तर काळजी करा.

अभ्यासक्रम ताजा आहे का, हे पाहायला तीन खुणा पुरतात. शेअरबाजाराच्या घटकात व्यवहाराची पूर्तता अजून टी+२, म्हणजे सौद्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी, अशी लिहिली आहे का? भारतात २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरसाठी टी+१ लागू आहे. व्याजदरांच्या घटकात लायबॉर हाच चालू संदर्भदर म्हणून येतो का? डॉलर लायबॉरचे प्रमुख दर जून २०२३ अखेर बंद झाले. करविषयक पेपरात आयकर अधिनियम, २०२५ आला आहे का? तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. एखादी खूण चुकली, तर चालून जाईल. तिन्ही चुकल्या, तर ती फाइल बरीच वर्षं कुणी उघडलेली नाही.

स्वायत्त कॉलेजाच्या बाबतीत आणखी एक कागद मिळतो: अभ्यास मंडळाचं इतिवृत्त. या मंडळावर विद्यापीठाने नेमलेला तज्ज्ञ, उद्योगातला प्रतिनिधी आणि एखादा माजी विद्यार्थी असावा असं अपेक्षित आहे. इतिवृत्तात बाहेरच्या सदस्यांनी काय सुचवलं आणि त्यातलं काय स्वीकारलं गेलं, हे दिसलं तर स्वायत्तता कामाची आहे. नुसतं ‘अभ्यासक्रम एकमताने मंजूर’ असेल, तर ती कागदावरची आहे.

दुसरा कागद: प्रश्नपत्रिका

अभ्यासक्रम काय शिकवायचं ते सांगतो, प्रश्नपत्रिका मुलं प्रत्यक्षात काय शिकतात ते सांगते. विद्यार्थी परीक्षेसाठी अभ्यास करतात, हे गृहीत धरून चला. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुख्य विषयांच्या गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा झेरॉक्सच्या दुकानात त्या हमखास असतात.

‘टीपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘फायदे-तोटे सांगा’ यांना किती गुण आहेत आणि आकडे देऊन निर्णय मागणाऱ्या प्रश्नांना किती, हे पाहा. ‘एनपीव्ही म्हणजे काय?’ हा प्रश्न आणि ‘हे दोन प्रकल्प आहेत, कंपनीकडे एवढंच भांडवल आहे, कोणता घ्याल आणि का?’ हा प्रश्न, यांत पदवीचा सगळा फरक आहे. तोच तोच प्रश्न आकडेही न बदलता फिरून येत असेल, तर त्या पदवीचे गुण कशाचे मोजमाप करतात ते तुमच्या लक्षात येईल.

अंतर्गत गुणांचंही पाहा. आता बऱ्याच ठिकाणी ६० गुण लेखी परीक्षेचे आणि ४० अंतर्गत असतात. ते ४० कशावर मिळतात? एखाद्या सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून लिहिलेला अहवाल, एक्सेलमध्ये बांधलेलं मॉडेल, तोंडी परीक्षा असं काही असेल तर उत्तम. हजेरी आणि एका बहुपर्यायी चाचणीवर ते वाटले जात असतील, तर ते गुण गुणपत्रिका सजवण्यापुरतेच.

तिसरा कागद: शिक्षकांची यादी

महाराष्ट्रात इथे एक महत्त्वाची रेघ आहे. पारंपरिक बीकॉम अनेक कॉलेजांत अनुदानित असतं, त्याचे शिक्षक शासनाच्या वेतनावर असतात आणि फी काही हजारांत असते. बीएएफ, बीएफएम, बीएमएस सहसा विनाअनुदानित तुकड्या असतात. तिथला खर्च फीमधून निघतो आणि शिकवण्याचं काम बऱ्याचदा कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे असतं. तासिका तत्त्वावर उत्तम शिकवणारे पुष्कळ आहेत. प्रॅक्टिस करणारा सीए सकाळी येऊन ऑडिट शिकवतो, तेव्हा त्याच्या तोडीचं पुस्तक नसतं. पण अख्खा विभागच दर जूनमध्ये नव्याने भरला जात असेल, तर प्रकल्पाला मार्गदर्शन, शिफारसपत्र किंवा अडलेल्या मुलाला हात द्यायला कुणी उरत नाही.

म्हणून विचारा: या पदवीवर पूर्णवेळ शिक्षक किती? त्यांतले नेट, सेट किंवा पीएचडीधारक किती? फायनान्सचे मुख्य पेपर कोण शिकवतं आणि ती व्यक्ती इथे किती वर्षं आहे? कॉलेज नॅकला देतं तो स्वयंमूल्यांकन अहवाल आणि वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर ठेवणं अपेक्षित असतं, त्यात पूर्णवेळ शिक्षकांची माहिती असते. ती यादी आणि वेळापत्रकावरची नावं जुळवून पाहा.

चौथा कागद: किती उत्तीर्ण झाले, किती लागले

‘९० टक्के प्लेसमेंट’ या वाक्यात खरा प्रश्न छेदाचा असतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका तुकडीत १२० मुलांनी प्रवेश घेतला. तीन वर्षांत ९६ उत्तीर्ण झाली. त्यातल्या ६० जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं आणि ५४ जणांना नोकरी लागली. नोंदणी केलेल्यांत हे प्रमाण ९० टक्के आहे, उत्तीर्णांत ५६ टक्के आणि प्रवेश घेतलेल्यांत ४५ टक्के. तिन्ही आकडे खरे. जाहिरातीत पहिला छापला जातो. बाकीच्यांपैकी कितीजण सीए करत आहेत, कितीजण एमबीएला गेले आणि कितीजण नुसतेच घरी आहेत, हे विचारल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

पॅकेजचंही असंच. दहा जणांपैकी नऊ जणांना वार्षिक ३ लाख आणि एकाला १२ लाख मिळाले, तर सरासरी ३.९ लाख येते आणि सर्वोच्च १२ लाख. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ३ लाखच राहतो, आणि तुमच्या मुलाला मिळण्याची शक्यता त्याच्याच आसपासची असते. मध्यक मागा.

तो मिळण्याची एक जाहीर जागा आहे. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी दिलेली माहिती पीडीएफ स्वरूपात उपलब्ध असते. तीत प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, उच्चशिक्षणाला गेलेले आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक असे रकाने असतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही माहिती संस्थेनेच दिलेली असते. शिवाय ती त्या मुदतीच्या सगळ्या पदव्यांची मिळून असते, एकट्या बीएफएमची नव्हे. म्हणून हेच रकाने कागदावर लिहून न्या आणि विभागप्रमुखांकडून फक्त त्यांच्या पदवीचे आकडे मागा.

मग कामाचं स्वरूप विचारा. मोठ्या परदेशी बँकेचं नाव यादीत असतं, पण काम कोणतं? गोरेगाव, ऐरोली, पुण्यातलं खराडी आणि हिंजवडी इथल्या कचेऱ्यांत पदवीधरांना मिळणारी कामं बरीचशी केवायसी, फंड अकाउंटिंग, रिकन्सिलिएशन आणि ट्रेड सपोर्टची असतात. ही चांगली सुरुवात आहे, तिच्यात शिस्त आणि प्रक्रिया शिकायला मिळते. फक्त ती ‘इन्व्हेस्टमेंट बँकर’ची नोकरी नाही, हे प्रवेश घेतानाच माहीत असावं. खातरजमेसाठी लिंक्डइनवर त्या पदवीचे पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी शोधा. कॉलेजने भिंतीवर लावलेले चेहरे सोडा, यादीत जसे सापडतील तसे वीस जण पाहा. पहिली नोकरी, आजची नोकरी आणि मध्ये घेतलेली पात्रता या तीन गोष्टी वहीत टिपल्या की पदवीची ताकद दिसू लागते.

लॅब, सर्टिफिकेट आणि ‘इंटिग्रेटेड’ची चमक

ब्लूमबर्ग टर्मिनल किंवा सीएमआयईचा प्रोवेस डेटाबेस असणं चांगलंच. प्रश्न एवढाच, की लॉगिन किती, पदवीच्या मुलांना आठवड्यातून किती वेळ मिळतो आणि कोणत्या विषयाचे गुण त्यावर अवलंबून आहेत? उद्घाटनाच्या फोटोपलीकडे उपयोग नसलेली लॅब फी वाढवण्यापुरती असते.

‘ट्रेडिंग लॅब’मध्ये मुलांना कमाईची स्वप्नं दाखवली जात असतील, तर तिथून निघा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. जी पदवी हा आकडा वर्गात शिकवते आणि त्यामागची कारणं तपासायला लावते, ती फायनान्स शिकवते.

‘एसीसीए इंटिग्रेटेड’ म्हणजे काय, तेही तपासा. एसीसीएच्या १३ परीक्षांपैकी जास्तीत जास्त ९ परीक्षांतून सूट मिळू शकते. तुमच्या पदवीला नेमकी किती मिळते, हे कॉलेजकडून ऐकण्याऐवजी एसीसीएच्या संकेतस्थळावर पाहा. सीएफएशी संलग्न अभ्यासक्रम म्हणजे त्या परीक्षेच्या अभ्यासाचा मोठा भाग पदवीत येतो. एकाही लेव्हलमधून सूट मिळत नाही. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची बरीच प्रमाणपत्रं तर कोणीही स्वतः माफक फीत परीक्षा देऊन मिळवू शकतो. तीच ‘व्हॅल्यू ॲडेड’ म्हणून काही हजारांत विकली जात असतील, तर हिशेब मांडा.

एखादी खासगी कंपनी शिकवणार आणि पदवी भलत्याच विद्यापीठाची, असा प्रकार असेल, तर पदवीवर कोणाचं नाव येणार हे लेखी घ्या. ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते पाहा, आणि ऑनलाइन पदवी असेल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी मान्यता आहे का तेही.

फीला फायनान्सची कसोटी लावा

समजा, पदवीसाठी १० लाखांचं कर्ज काढलं. १० टक्के व्याजाने १० वर्षांत ते फेडायचं, तर हप्ता महिना सुमारे १३,२०० रुपये येतो. शिकत असताना चढणारं व्याज त्याहून वेगळं. मध्यक पगार वार्षिक ३ लाख, म्हणजे महिना २५,००० असेल, तर निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात जातो. अशी पदवी घेऊच नये असं नाही, पण तिच्या मध्यक पगाराने हा हप्ता पेलला पाहिजे.

दुसऱ्या पारड्यात अनुदानित बीकॉम ठेवा. सकाळचं कॉलेज, थोडी फी आणि हातात दुपारपासूनचा वेळ. सीए करणारी कितीतरी मुलं याच वाटेने जातात, कारण भरगच्च वेळापत्रकाची खासगी पदवी आणि आर्टिकलशिप यांचा मेळ बसत नाही. कोल्हापूर, नांदेड किंवा जळगावात बीएफएम नसेल, तर त्यासाठी मुंबईतल्या भाड्याचा बोजा उचलण्याआधी बीकॉमसोबत सीए किंवा सीएमए, एनआयएसएमच्या एक-दोन परीक्षा आणि एक्सेलवर पक्की पकड, हा पर्याय गंभीरपणे तोलून पाहा.

पदवीनंतर कोणती दारं उघडी राहतात

तीन वर्षांनंतर मन बदलू शकतं, म्हणून हे आधीच पाहावं. वाणिज्य पदवीधराला किमान ५५ टक्के असतील, तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो. इतर शाखांना ६० टक्के लागतात. तुमच्या बीबीएची गणना कशात होते, ते विषयांवरून ठरतं, तेव्हा आयसीएआयचे नियम वाचा. सीएफएची पहिली लेव्हल पदवी पूर्ण होण्याच्या २३ महिने आधीपासून देता येते. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बीच्या सर्वसाधारण पदांसाठी खुल्या गटाला पदवीत ६० टक्के लागतात. सेबीच्या ग्रेड ए सर्वसाधारण शाखेला नुसती बीकॉम किंवा बीबीए पुरत नाही. पदव्युत्तर पदवी किंवा सीए, सीएस, सीएमए, सीएफएसारखी पात्रता लागते.

परदेशात मास्टर्स करायचं असेल, तर अमेरिकेतली अनेक विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे चौथं वर्ष महत्त्वाचं ठरतं. तुमचं कॉलेज ते ऑनर्सचं वर्ष खरोखर चालवतं का, की तीन वर्षांनंतर ‘दुसरीकडे बघा’ म्हणतं, हे आजच विचारा.

एक चक्कर आणि एक पान

शक्य असेल तर कॉलेज चालू असताना जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना वर्गाबाहेर गाठा. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारू नका. ‘गेल्या सत्रात किती तास रद्द झाले? ऑन-जॉब ट्रेनिंग कुठे केलं? ती जागा कॉलेजने दिली की काकांच्या ओळखीने मिळाली? तिथे रोज काय करायचास?’ असं विचारा. ट्रेनिंगला आता क्रेडिट आहेत, म्हणून प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं. काम किती जणांनी केलं, हे मुलंच सांगतात.

शेवटी एका पानावर तीन-चार पदव्यांचा तक्ता करा. रकाने असे: फायनान्सचे क्रेडिट, संख्याशास्त्राचे पेपर, निर्णय मागणाऱ्या प्रश्नांचे गुण, पूर्णवेळ शिक्षक, प्रवेश घेतलेल्यांपैकी मुदतीत उत्तीर्ण, पगाराचा मध्यक, एकूण खर्च. आकडा मिळाला नाही, तर रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. ज्या कॉलेजकडे दोनदा मागूनही तीन रकाने रिकामे राहतात, त्याला यादीतून काढा. उरलेल्यांत खर्च आणि मध्यक यांचा मेळ बसणारी पदवी निवडा, आणि दोन पदव्या बरोबरीला आल्या तर जिच्या प्रश्नपत्रिका जास्त अवघड आहेत तिथे प्रवेश घ्या.